दहापैकी सात टॉपर एकाच केंद्रातून. ग्वाल्हेरच्या पटवारी परीक्षेचं गणित काय सांगतं?

ग्वाल्हेर : जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या पटवारी भरतीतील टॉपरची यादी समोर आली आणि एकच गदारोळ उडाला. पहिल्या दहापैकी सात जणांचं परीक्षा केंद्र एकच होतं, ग्वाल्हेरमधलं एक खासगी कॉलेज. पटवारी म्हणजे आपल्याकडचा तलाठी. व्यापमं घोटाळ्याची जखम ताजीच असल्याने इंदूर, भोपाळमध्ये तरुण रस्त्यावर उतरले. १३ जुलैला तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नियुक्त्या थांबवल्या.

‘हा योगायोग असूच शकत नाही’, हे तेव्हा जो तो म्हणत होता. हिशोब मांडला तर?

अशा हिशोबाला द्विपद वितरण वापरतात. परीक्षा ७८ केंद्रांवर झाली. प्रत्येक टॉपर अमुक केंद्रातला असण्याची शक्यता ७८ मध्ये १ धरली, तर दहापैकी नेमके सात कुठल्याही एकाच केंद्रातून येण्याची शक्यता साधारण दोनशे कोटींत एक निघते. म्हणजे घोटाळा सिद्ध? इथंच घाई होते.

हे सूत्र दोन अटींवर चालतं. पहिली, शक्यता सगळीकडे सारखी हवी. पण केंद्रं लहान-मोठी असतात, तयारीची मुलं काही शहरांत जास्त जमतात. त्या केंद्राचा वाटा दहात एक धरला तर उत्तर लाखात जेमतेम एक येतं. चारात एक धरला तर सव्वातीनशेत एक. गृहीतक बदललं की उत्तर कुठल्या कुठं जातं.

दुसरी अट, एकाच्या निकालाचा दुसऱ्याशी संबंध नको. ही परीक्षा महिनाभराहून जास्त काळ, अनेक शिफ्टमध्ये चालली. अशा परीक्षेत गुणांचं नॉर्मलायझेशन होतं आणि एखाद्या शिफ्टला फायदा झाला, तर त्यातले बरेच जण एकदम वर सरकतात. आपल्या तलाठी भरतीत २०० पैकी २१४ गुण मिळाल्याचं प्रकरण वाचकांना आठवत असेलच. मात्र पेपर आधीच मिळाला, तरीही हीच अट मोडते. सूत्र फक्त एवढंच सांगतं की हे निव्वळ योगायोगाने झालेलं दिसत नाही. कारण सरळ की वाकडं, ते सूत्राला कळत नाही.

आणखी एक आकडा. निवड झालेले एकूण ८,६१७, त्यातले त्या केंद्रावरचे ११४. सर्व केंद्रांची सरासरी काढली तर ११० येते. म्हणजे केंद्राचा एकूण निकाल चारचौघांसारखाच, वेगळं दिसतं ते फक्त वरच्या टोकाला. सरकारने याच ११४ कडे बोट दाखवलं. पण मोजक्याच लोकांना मदत झाली असेल, तर ती सरासरीत दिसणारच नाही. तेव्हा हा आकडाही क्लीन चिट नव्हे.

पुढे निवृत्त न्यायमूर्ती राजेंद्र कुमार वर्मा यांच्या चौकशीत गैरप्रकार आढळला नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियुक्त्यांचा मार्ग मोकळा झाला. तोवर निवड झालेली पोरं सात महिने लटकली, आणि परीक्षेला बसलेल्या पावणेदहा लाखांच्या मनातला संशय काही गेला नाही.

यावर उपाय साधा आहे. कुठल्या केंद्रावर, कुठल्या शिफ्टला किती बसले, किती निवडले गेले, मूळ गुण किती, हे निकालासोबतच जाहीर करा. मग अटी टिकतात की नाही, हे कुणालाही तपासता येईल. मध्य प्रदेशला हे लागू आहे, तसंच महाराष्ट्रालाही.