बेघराची पिशवी

‘आमच्याकडं बेघर कुणी नाही.’ भोरच्या पूर्वेला नीरा खोऱ्यात भोंगवलीसारख्या कुठल्याही गावात पारावर विचारा, उत्तर हेच येईल. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर बेघर म्हणजे पुणे स्टेशनबाहेर चादर ओढून झोपलेला माणूस. उसाच्या फडाकडेला कोपी घालून राहिलेलं बीडकडचं जोडपं त्याच्या लेखी ‘टोळीवाले’. वीटभट्टीवरचं कातकरी कुटुंब म्हणजे ‘भट्टीवाले’. आणि वाटणीच्या भांडणात घराबाहेर पडून देवळाच्या ओवरीत पथारी टाकलेली म्हातारी ही ‘अमक्याची आई’. सगळ्यांना गावानं काही ना काही नाव दिलंय, बेघर हे तेवढं दिलेलं नाही.

जनगणनेचा हिशेबही फार वेगळा नाही. उघड्यावर, फूटपाथवर, पुलाखाली, पाइपात, देवळाच्या मंडपात राहतो तो तिच्या लेखी बेघर. पाचटाचं का असेना, छप्पर डोक्यावर असलं की माणूस त्या गणतीतून सुटतो. इतकी चाळण लावूनही 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशात 17 लाख 73 हजार माणसं बेघर भरली. त्यांतली 8 लाख 34 हजार ग्रामीण भागातली होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. महाराष्ट्राचा आकडा दोन लाख दहा हजारांच्या घरात होता. तरीही बेघरांसाठी रात्रनिवारे उभारायची केंद्राची योजना फक्त शहरांपुरती. खेड्यात बेघर नाही, हे पारावरचं मत दिल्लीनंही मान्य केलेलं दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो अर्धा खरा आहे. ‘योजनांचा नुसता ढीग पडलाय हो, यांनाच कागद गोळा करता येत नाहीत.’ ढीग आहे, हे कबूल. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीला 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. अनुसूचित जातींना रमाई, आदिवासींना शबरी, भटक्या-विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासांना मोदी आवास. शौचालयाचे 12 हजार वेगळे, रोजगार हमीची 90 ते 95 दिवसांची मजुरी वेगळी. जागा नसली तर ती विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना. आता हे सगळं एका माणसाच्या पायांनी चालून पाहा.

समजा, तो कातकरी आहे. घरकुलासाठी जागेचा पुरावा हवा. राहतो ती जागा मालकीची, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची. (आपल्याकडे ‘मालकी’ या शब्दाचा हा अर्थ ज्यांची मालकी नसते त्यांनाच नीट कळतो.) ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव नाही, कारण घरपट्टी लागलेली नाही. घरपट्टी लागलेली नाही, कारण झोपडं दुसऱ्याच्या जागेत आहे. शबरीसाठी जातीचा दाखला हवा. तो प्रांत कार्यालयातून मिळतो, आणि त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्यानं खैराचा कात पाडत आणि कोळशाच्या भट्ट्या लावत डोंगर पालथे घातले, त्यानं त्या आज्याचा 1950 सालचा पत्ता आणायचा. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावला, आंबेगाव तालुक्यात. भोरच्या माणसाला सगळा पुणे जिल्हा दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडून जावं लागतं. म्हणजे दिवसाचा रोज बुडाला, वर एसटीचं भाडं, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकायची तयारी ठेवायची.

रोजगार हमीचं जॉब कार्ड ग्रामपंचायतीत, शिधापत्रिका तहसिलीत, बँकेचं खातं आणखी कुठे. यादी, मंजुरी आणि हप्ते पंचायत समितीत. या सगळ्या टेबलांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्या माणसाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी. सरकारच्या पाच खात्यांमधला समन्वय आपण तालुक्यातल्या सर्वांत कमी शिकलेल्या, रोजंदारीवरच्या माणसाकडे सोपवला आहे. तो त्याला जमला नाही की ‘कागद गोळा करता येत नाहीत’ म्हणायला आपण मोकळे.

कागद साहेबांनाही जमत नाहीत, याचा दाखला दीनदयाळ योजनेतच आहे. भूमिहीनाला घरकुलापुरती 500 चौरस फूट जागा घ्यायला पैसे द्यायचे, असं ग्रामविकास खात्यानं 2015 साली ठरवलं. आधी ही मदत 50 हजारांपर्यंत होती, पुढे ती एक लाखापर्यंत नेली. 500 चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. पण गावठाणाबाहेर शेतजमिनीचा एवढासा तुकडा विकायला महसूल खात्याचा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा. एका खात्यानं पैसे हातावर ठेवले, दुसऱ्याच्या कायद्यानं खरेदीखत अडवलं. या नियमांत घरकुलवाल्यांसाठी सवलतीची खिडकी उघडली ती 2024 साली, आणि तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीची कडी लावून. मधली आठ वर्षं कुणाच्या अशिक्षितपणाच्या खात्यावर मांडायची? याच 2024 साली तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला आणि वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरलं. नावं बदलताना खात्यांचं एकमेकांत फारसं अडत नाही.

तिसरा आक्षेप असा की, घर बांधून दिलं तरी हे लोक राहत नाहीत, घराला कुलूप असतं. असतंच. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. मार्चअखेर जवळ आली की घरकुलांची घाई सुरू होते. पायाचा फोटो, जोत्याचा फोटो, छपराचा फोटो, आणि फोटोशिवाय पुढचा हप्ता नाही. नेमके तेच महिने कुटुंब उचल घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात विटा थापत असतं. पहिला हप्ता हाती येतो 15 हजारांचा. तेवढ्यात पाया काढून भट्टीवर गेलेल्या माणसाचं घर जोत्यावर थांबलं, तर त्याला आळशी म्हणायचं की वेळापत्रक आखणाऱ्याला? पोट जिथं नेईल तिथं माणूस जातो. कुलूप लावायला दार आहे, यातच ते घर कामाला आलेलं असतं.

समन्वय हा शब्द बैठकीच्या इतिवृत्तात शोभतो, प्रत्यक्षात तो होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी पानशेतची आठवण करून देतो. धरण वेल्ह्यातलं, 12 जुलै 1961 ला फुटलं, आणि पाणी पुण्यात शिरलं. हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. तेव्हा कुणी त्यांना पिशवी घेऊन पाच कचेऱ्या फिरायला सांगितलं नाही. स. गो. बर्व्यांसारख्या करड्या प्रशासकाकडे अधिकार एकवटून काम सोपवलं गेलं. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि आज तिथल्या जागेचे भाव ऐकून भोरचा माणूस गप्प बसतो. त्या पुनर्वसनावर तेव्हाही टीका झाली, ती रास्तही असेल. पण जबाबदार कोण, हे पुण्याला ठाऊक होतं. वेल्ह्याच्या पाण्यानं बेघर झालेल्या पुणेकरांना बर्वे मिळाले. वेल्ह्यातल्या आणि भोरमधल्या बेघराला कोण मिळालं?

जुनं उदाहरण नको असेल तर ताजं घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत केंद्राच्या नऊ मंत्रालयांची अकरा कामं एका दोरीत ओवली. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती तिच्यात येतात. घराला दोन लाख, आणि आधार, शिधापत्रिका, जातीचा दाखला देण्यासाठी शिबिरं थेट वस्तीवर. म्हणजे टेबल माणसाकडे जाऊ शकतं, हे सरकारनंच दाखवून दिलं. मग जो कातकरी नाही, पण तितकाच उघड्यावर आहे, त्या मसणजोग्याला, वैदूला, ओवरीतल्या म्हातारीला पुन्हा पिशवी का?

माझं म्हणणं एवढंच आहे. गावानं बेघरांची नावानिशी एक यादी करावी. ती कोणत्याही योजनेची नको, माणसांची हवी. कोपी, पाल, ओवरी, दुसऱ्याच्या जागेतलं झोपडं, सगळं तिच्यात यावं. ऊसतोड्याचं गावी घर असेल तर तेही लिहावं, म्हणजे त्याला इथं घरकुल नको, हंगामापुरता निवारा, पाणी आणि संडास हवा, हे उघड होईल. पंचायत समितीत एका माणसाकडे ही यादी असावी आणि प्रत्येक नावाचे कागद पुरे करणं हे त्याचं काम असावं, अर्जदाराचं नव्हे. ग्रामसेवकाच्या डोक्यावर आधीच डोंगर आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माणूस तालुक्याला हवा. आज तालुक्याच्या आढाव्यात घरकुलं किती पुरी झाली ते मोजतात. उघड्यावरून छपराखाली माणसं किती गेली, तेही त्याच आढाव्यात विचारलं जावं.

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. भोंगवलीच्या आणि शेजारच्या गावांच्या सरपंचांना विनंती आहे की पुढच्या सभेच्या नोटिशीत एक विषय घाला: आज रात्री आपल्या शिवारात स्वतःच्या छपराशिवाय कोण कोण झोपणार आहे. नावं वाचून दाखवा, आणि ओवरीतल्या त्या म्हातारीचं नाव ‘अमक्याची आई’ असं लिहू नका.