अकादमीत न घडलेला एल काबी

मोरोक्कोच्या फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडचे जाणकार दोनच कारणं सांगतात. एक, राजाच्या नावाची ती मोठी अकादमी. दुसरं, युरोपात जन्मलेली मोरोक्कन पोरं. दोन्ही खरं आहे. २०२२च्या वर्ल्डकपमध्ये पोर्तुगालला घरी पाठवणारा एन-नेसिरी अकादमीचाच, आणि संघातल्या २६ पैकी १४ जण परदेशात जन्मलेले. सेमीफायनल गाठणारा पहिला आफ्रिकन देश. कौतुक व्हायलाच हवं.

पण माझा आवडता माणूस त्या २६ जणांत नव्हताच. अयुब एल काबी.

कॅसाब्लांकाचा पोरगा. घरची गरिबी, शाळा लवकर सुटली, सुतारकामाला लागला. ज्या वयात अकादमीची पोरं युरोपात करार करतात, त्या वयात हा रासिंग कॅसाब्लांकाकडून सेकंड डिव्हिजन खेळत होता. मग बेर्कान. २०१८ला फक्त आपापल्या देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांची आफ्रिकन स्पर्धा झाली. त्यात पठ्ठ्याने ९ गोल मारले आणि मोरोक्कोने कप जिंकला. त्याच वर्षी तो रशियात वर्ल्डकप खेळला. वय २५.

पुढे चीन, परत मोरोक्को, तुर्की, कतार. इथे बहुतेकांनी त्याला संपलेला धरला असणार. २०२२ला कोचनेही घेतलं नाही.

आणि मग ऑलिंपियाकोस. मे २०२४, कॉन्फरन्स लीगची सेमीफायनल. ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर तीन गोल, परतीच्या सामन्यात आणखी दोन. फायनल अथेन्समध्ये, तीही कट्टर प्रतिस्पर्धी एईकेच्या स्टेडियमवर. समोर फिओरेंटिना. ११६व्या मिनिटाला याचं हेडर, १-०. ग्रीसच्या कुठल्याही क्लबचा तो पहिला युरोपियन कप. त्या सीझनला स्पर्धेत त्याचे ११ गोल. वय तिशी पार.

कुणी म्हणेल, एका अपवादावरून काय सिद्ध होतं? माझं म्हणणं उलट आहे. अकादमी बारा-तेराव्या वर्षी पोरं निवडते. तिथे निवड न झालेला पोरगा बावीस-तेवीसपर्यंत कुठे खेळणार, हा खरा प्रश्न. मोरोक्कोत त्याच्यासाठी चालू असलेली सेकंड डिव्हिजन होती, आणि घरच्या लीगमधल्यांना दिसायला एक आफ्रिकन स्पर्धा होती. अकादमीची इमारत फोटोत छान दिसते, सेकंड डिव्हिजनचं मैदान दिसत नाही. म्हणून आपण लिहीत नाही.

मी पण त्यातलाच. त्या फायनलची बातमी रात्री उशिरा आली, पान लावून झालं होतं. कोपऱ्यात चार ओळी बसवल्या. त्यात ऑलिंपियाकोसचं नाव होतं, स्कोअर होता. गोल कुणी मारला ते जागेअभावी मीच कापलं.