हप्ता ठरला म्हणून ओझोन वाचला

१९९२ च्या उन्हाळ्यात आमच्या गोराईच्या घरातला फ्रिज गार होईनासा झाला. म्हाडाची वसाहत तेव्हा नवी होती आणि खाडीचा वारा थेट स्वयंपाकघरात यायचा. मेकॅनिकने मागची नळी उघडून उरलासुरला गॅस फुस्सकन सोडून दिला. “घाबरू नका साहेब, याला वाससुद्धा नाही,” तो म्हणाला. खरेच नव्हता. गॅस खिडकीतून कुठे गेला हे विचारायचे मला सुचले नाही. बँकेतला माणूस, मी बिल किती ते विचारले.

तो गॅस म्हणजे सीएफसी-१२. एकदा सुटला की शंभरेक वर्षे हवेत राहतो, वर चढतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खात सुटतो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ सालीच सांगितले होते. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेले खिंडार उघडकीस आले, तेव्हा कुठे जग जागे झाले. त्या खिंडारातून उतरणारे अतिनील किरण पाण्यातही शिरतात. बर्फाच्या कडेला तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ त्यामुळे ६ ते १२ टक्क्यांनी घटल्याचे १९९२ सालीच प्रसिद्ध झाले. या वनस्पतींवर क्रिल नावाची कोळंबीसारखी जात जगते आणि क्रिलवर देवमासे, पेंग्विन. आमच्या स्वयंपाकघरातला फुस्स आवाज इतका लांबचा होता.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात सुरुवातीला गेला नाही, म्हणून आपल्याला बरेच बोल लागले. मला ते बोल कधीच पटले नाहीत. त्या वर्षांत फ्रिजच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. कुणी शिक्षक, कुणी गिरणीतला कारकून. घरातला पहिलावहिला फ्रिज. आभाळ फाटले आहे तेव्हा तुम्ही थांबा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? फाडणारे तर दुसरेच होते.

जून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत मनेका गांधी पर्यावरणमंत्री या नात्याने हेच भांडल्या. तिथे निधी ठरला: श्रीमंत देशांनी पैसे घालायचे, विकसनशील देशांनी त्यातून कारखाने बदलायचे. निधीच्या समितीत १४ सभासद, सात त्यांचे, सात आपल्यासारख्यांचे. कर्जदाराला कर्ज समितीत निम्म्या जागा, हा प्रकार मी तरी दुसरीकडे पाहिला नाही! १९९२ साली भारत करारात आला. २०१० पर्यंत सीएफसीचा जवळजवळ निकाल लागला. शास्त्रज्ञांच्या ताज्या अंदाजाने अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. सीएफसीच्या जागी आलेले काही गॅस पृथ्वी तापवतात असे निघाले, त्यासाठी २०१६ साली किगालीत वेगळी दुरुस्ती करावी लागली. असो.

आता त्याच दक्षिण महासागराचे पाहा. तिथल्या सागरी जीवांसाठीच्या आयोगात २७ सभासद आहेत; भारत १९८६ पासून आहे. २०१६ साली रॉस समुद्राचा सुमारे साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर भाग राखीव झाला, तोही ३५ वर्षांच्या मुदतीने. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र यांचे प्रस्ताव मात्र वर्षानुवर्षे पडून आहेत, कारण निर्णयाला सर्वांची संमती लागते आणि रशिया व चीन ती देत नाहीत. २०२१ साली भारताने दोन्हींना पाठिंबा दिला. चांगलेच झाले; पण त्या पाठिंब्यासाठी आपल्या खिशातून काय गेले? जो मासेमारी सोडणार त्याच्या नुकसानीचे काय, हा प्रश्न तिथे लंडनसारखा कुणी टेबलावर ठेवलाच नाही. भारताने तो ठेवावा. १९९० साली आपण घ्यायला हात पुढे केला होता, या वेळी काही द्यायचीही तयारी ठेवावी.

परवा फेरीबोटीने पलीकडे गोराई गावात गेलो होतो. पावसाळी बंदीचे दिवस, १ जून ते ३१ जुलै. होड्या ओढून ठेवलेल्या. ओळखीच्या एका कोळ्याला मी हे सगळे सांगितले, तर जाळे विणता विणता तो म्हणाला, “आमी दोन म्हैने गप बसतो, त्याचा पैसा कोन देतो ते पयले इचारा.”