आराधी गाण्यांची मालकी कोणाची?

तुळजापूरच्या वाटेवरचे गाणे आता मोबाइलमध्ये आले आहे. संबळ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीने गायली जाणारी देवीची गाणी पूर्वी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांत कॅसेटवर मिळत, पुढे सीडीवर मिळू लागली, मग मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतली जाऊ लागली. आज यूट्यूबवर बोट ठेवले की ती वाजतात. नवरात्रात तुळजापुरातून ज्योत घेऊन धावणाऱ्या पोरांच्या टेम्पोत तीच असतात, कोजागरीला सोलापूरहून चालत निघालेल्यांच्या खिशात तीच असतात. ऐकणे इतके सोपे कधीच नव्हते. पण हे गाणे कोणाचे, हा प्रश्न विचारायचा ठरवला तर पडद्यावर एकच उत्तर हमखास मिळते, ते म्हणजे कंपनीचे किंवा चॅनेलचे नाव. गायिकेचे नाव असते किंवा नसते, संबळ वाजवणाऱ्याचे बहुधा नसतेच, आणि 'संगीतकार' या रकान्यात गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेलेल्या चालीपुढे कोणाचेही नाव आढळू शकते. डिजिटल संगीताच्या व्यवहारात मालक कोण हे आधी नोंदवले जाते, निर्माता कोण हे मागाहून, आणि 'हे सर्वांचे आहे' असे सांगून त्याचे संरक्षण मागण्याची सोयच जवळजवळ नाही. धाराशिव जिल्ह्यासाठी हा तांत्रिक तपशील नाही. इथल्या आराधी आणि गोंधळी परंपरेची मालकी याच नोंदींतून परस्पर ठरत चालली आहे, आणि ती थांबवता येण्यासारखी आहे.

यंत्राला नाव सांगावे लागते, हे भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हापासूनच ठाऊक आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने उच्चारले. तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे ना राग, म्हणून लेबलवर नाव बिनचूक पडावे यासाठी ही तजवीज होती. म्हणजे नाव गाण्याच्या आतच भरून पाठवले होते. कायद्याने मात्र वेगळाच क्रम लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली घातलेले ५२-अ कलम ध्वनिमुद्रणावर काय छापलेच पाहिजे ते सांगते: मुद्रण करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, हक्कधारकाचे नाव आणि पत्ता, प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गायक, गीतकार, वादक यांची सक्ती त्यात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःचे नाव लावले जावे असा हक्क दिला, व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्कही दिला. हे मोठे पाऊल होते. पण हा हक्क मागावा लागतो. एकरकमी बिदागी घेऊन एका दुपारी आठ-दहा गाणी गाऊन जाणारी आराधीण तो कोणाकडे आणि कोणत्या कागदाच्या आधारे मागणार? कंपनीचे नाव आपोआप लागते, तिचे नाव भांडून लावून घ्यावे लागते. सारा फरक इथे आहे.

लोकगीताच्या बाबतीत अडचण आणखी खोल जाते. यूट्यूबने २००७ साली 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा सुरू केली. हक्कधारक आपले मुद्रण तिथे नमुना म्हणून ठेवतो. नवा व्हिडिओ चढला की यंत्रणा तो नमुन्यांशी ताडून पाहते, आणि जुळला तर त्यावरचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळवता येते किंवा व्हिडिओ अडवता येतो. केवळ तेच मुद्रण नव्हे, चाल जुळते का हेही ती पाहते. चित्रपटगीताची चोरी धरायला हे साधन उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. पण आराधी गाण्याची चाल एका कंपनीच्या मुद्रणात नमुना म्हणून गेली आणि तीच चाल येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत दुसऱ्या मेळ्याने गाऊन चढवली, तर कोण कोणाची नक्कल करतो आहे हे यंत्राला कसे कळणार? दोघांनीही ती आई-आजीकडून घेतलेली. ज्याने आधी नमुना ठेवला तो यंत्राच्या लेखी धनी. कंपनीचा हक्क तिच्या मुद्रणावर आहे, चालीवर नाही, हे कायद्यात स्वच्छ आहे. यूट्यूबच्या स्वतःच्या नियमांतही सार्वजनिक मालकीचा मजकूर नमुना म्हणून ठेवू नये असे म्हटलेले आहे. तरी हे घडते, आणि ते कल्पनेतले भय नाही. २०१८ साली जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने बाखची रचना स्वतः वाजवून फेसबुकवर टाकली, तेव्हा त्यातले ४७ सेकंद आपल्या मालकीचे आहेत असा दावा सोनी म्युझिकच्या नावे आला. बाख १७५० साली वारला. ऱ्होड्स प्रसिद्ध होते, त्यांनी जाहीर आवाज उठवला, दावा मागे घेतला गेला. बाखच्या बाजूने छापील स्वरलिपी, ग्रंथालये आणि जगभरचे जाणकार उभे होते. आराधी गाण्याच्या बाजूने यातले काय उभे आहे?

यावर कोणी म्हणेल, तक्रारीची सोय आहे ना. आहे. दावा चुकीचा वाटला तर हरकत घेता येते आणि वेळेत घेतली तर वादातले उत्पन्न राखून ठेवले जाते, हेही मान्य करायला हवे. पण उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवसांपर्यंत मुदत असते. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंतचे दिवस पंधराच. या गाण्यांचा वर्षाचा मोठा हंगाम तेवढाच, आणि त्या काळात व्हिडिओ अडवला गेला तर न ऐकले गेलेले गाणे कोणतीही भरपाई देत नाही. शिवाय हरकत फेटाळली गेली, वाद पुढे नेला आणि तिथेही दावेदार अडून बसला, तर चॅनेलवर 'स्ट्राइक' येऊ शकतो, आणि तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद. ही सगळी भाषा कायद्याची, बहुतेकदा इंग्रजी धाटणीची. खेड्यातल्या मेळ्याने दोन-तीन वर्षांत जमवलेला श्रोता पणाला लावून भांडावे, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. बहुतेक जण गप्प बसतात, आणि त्यांचे गप्प बसणे नोंदीत संमती म्हणून उतरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो लोकपरंपरेवर प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो. लोकगीत निनावीच असते, त्याला नावे चिकटवणे म्हणजे त्याचा स्वभाव बिघडवणे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांच्या अभंगांत शेवटी त्यांचे नाव येते. संतकवींनी नाममुद्रा लावली आणि अभंग तरीही सर्वांचे राहिले. गोंधळात देवदेवतांना त्यांच्या ठिकाणांची नावे घेऊन बोलावले जाते. नाव घेणे ही आपल्या मौखिक परंपरेला परकी गोष्ट नाही. परक्या आहेत त्या दोनच गोष्टी: एकाने नाव लावले म्हणून दुसऱ्याला गायला बंदी, आणि गाणाऱ्याच्या जागी विकणाऱ्याचे नाव. जातिवंत लोकगीत निनावी राहिले ते त्यावर कोणी दावा सांगत नव्हते तोवर. आता दावा सांगणारे आले आहेत. अशा वेळी निनावीपणाचा आग्रह धरणे म्हणजे गाणे मोकळे ठेवणे नव्हे, ते पहिल्या दावेदाराच्या हवाली करणे आहे. रचना पारंपरिक म्हणून नोंदवावी आणि त्या दिवशी ती कोणी गायली, झील कोणी धरली, संबळ कोणाचा, हे मात्र नावानिशी नोंदवावे. या दोन नोंदींत विसंगती नाही.

आणि कंपन्यांनी पैसा घातला, त्याचे काय? स्टुडिओचे भाडे, कॅमेरा, जाहिरात हे खर्च खरे आहेत. त्या मुद्रणावर त्यांना प्रकाशनापासून ६० वर्षे हक्क आहे, तो कोणी काढून घेत नाही. प्लॅटफॉर्मांनी मोठी वाट मोकळी केली हेही खरे. कॅसेटच्या काळात मुंबई-पुण्याच्या कंपनीने हाक मारली तरच आवाज बाहेर पडे, आता कळंब-भूमच्या मेळ्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण वाट मोकळी झाली तरी पैसा मोठ्या आकड्यांकडेच वाहतो. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टीतून वगळले. बहुतेक सेवांमध्ये सगळ्या श्रोत्यांचा पैसा एका राशीत जातो आणि एकूण वाजण्याच्या प्रमाणात वाटला जातो. परंड्यातला श्रोता महिनाभर फक्त देवीची गाणी ऐकत असला, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग त्याने कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे जातो. असा कमी पैसा हाती येणाऱ्याचे नावही पुसले गेले, तर पुढच्या कार्यक्रमाची सुपारी त्याला कोण देणार? छोट्या कलावंताची खरी कमाई प्लॅटफॉर्मवर नाही, गोंधळाच्या, जागरणाच्या, यात्रेच्या बोलावण्यांत आहे, आणि बोलावणे नावावर येते.

उपाय अवाढव्य नाही. हळदीच्या औषधी उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने लिखित पुरावे मांडले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्यातून धडा घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. पेटंट तपासणाऱ्याला 'हे आधीपासून आहे' हे तारखेसह दिसावे, एवढाच त्याचा हेतू. गाण्यांसाठीही असेच लागते, आणि ते करता येते हे महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे केलेले संकलन आणि रा. चिं. ढेरे यांचे तुळजाभवानीवरचे संशोधन हा छापील पाया तयारच आहे. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे, आणि मंदिर संस्थानचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी असतात. या तिघांनी मिळून आराधी आणि गोंधळी गाण्यांची तारीखवार, आवाजासह, कलावंतांच्या नावानिशी आणि त्यांच्या संमतीने खुली नोंद सुरू करावी. ती एखाद्या अ‍ॅपच्या भरवशावर ठेवू नये. रेसो आणि विंक ही दोन संगीत अ‍ॅप २०२४ या एकाच वर्षात भारतात बंद झाली. मग कोणत्याही मेळ्यावर चालीचा दावा आला, तर उत्तरादाखल त्या नोंदीचा दुवा पाठवता येईल. प्लॅटफॉर्मांकडे मागणीही नेमकी करता येईल: गाणे चढवताना 'पारंपरिक' ही नोंद निवडली की त्या मुद्रणाच्या आधारे दुसऱ्याच्या चालीवर दावा करता येऊ नये, आणि गायक-वादकांचे रकाने रिकामे असतील तर गाणे पुढे जाऊ नये.

एकाच गाण्याची दहा रूपे निघतील, मग अस्सल कोणते ठरवणार, असा प्रश्न जाणकारांकडून येईल. ठरवण्याची गरजच नाही. तुळजापूरचे, येरमाळ्याचे, नळदुर्गाकडचे, सीमेपलीकडे कर्नाटकात गायले जाणारे, सगळी रूपे जशी मिळतील तशी नोंदवावीत. दहा ठिकाणी दहा जणांनी गायलेली चाल एकाची नाही, हे दाखवायला त्या दहा नोंदीच पुरावा ठरतील.