मृगाचा पेरा, मार्चचा हप्ता

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण इतक्यांदा वापरतो की तिच्यातली बोच आता जाणवेनाशी झाली आहे. दाखला असो की नकाशा, माणूस सहा महिने थांबू शकतो. जमीन थांबत नाही. रोहिणीत मशागत उरकावी लागते आणि मृगाचा पाऊस झाला की पेरा करावाच लागतो. सेंद्रिय शेतीच्या संशोधनासाठी आणि प्रसारासाठी सरकारकडे अनुदान मागणाऱ्या संस्थांचे घोडे नेमके इथेच पेंड खाते.

पुण्यातल्या एका लहान संस्थेला असे प्रस्ताव लिहिण्यात गेली काही वर्षे मी हातभार लावतो आहे. मुळशी आणि भोरकडच्या भात-शेतकऱ्यांबरोबर तिचे काम चालते. त्यामुळे या व्यवहाराची दोन्ही टोके मला दिसतात : कचेरीतले टेबल आणि खाचरातला चिखल. रविवारी चार पैसे जास्त मोजून ‘सेंद्रिय’ आंबेमोहोर किंवा गूळ घरी आणणाऱ्या वाचकांनाही ती ठाऊक असावीत. पिशवीवरच्या त्या एका शब्दाचा खरेखोटेपणा शेवटी तिथेच ठरतो.

पैसाच नाही, ही जुनी तक्रार आता टिकत नाही. २०१५ मध्ये केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली. २०१८ मध्ये राज्याने डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन उभे केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. त्याची तरतूद २४८१ कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट साडेसात लाख हेक्टरांचे. आकडे लहान नाहीत. पण या योजनांचा रोख मुख्यतः प्रसारावर आहे. गट बांधा, प्रशिक्षण द्या, जीवामृत-घनजीवामृत तयार करा, प्रमाणपत्र मिळवा. जे पसरवायचे ते आपल्या मातीत, आपल्या पावसात कितपत उतरते, हे कोणी तपासायचे? भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा सेंद्रिय शेतीवरचा देशव्यापी संशोधन प्रकल्प २००४ पासूनचा आहे, पण तो प्रामुख्याने विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रक्षेत्रांवर चालतो. शेतकऱ्याच्या बांधावरच्या प्रयोगाला खर्चाचा रकाना शोधावा लागतो.

अर्ज करायचा तर नोंदणीचे कागद हवेत, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक हवा, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हवेत. पुढे हप्ते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. पैसा जनतेचा आहे, आणि ‘सेंद्रिय’ या शब्दावर पोट भरणारे भोंदू काही कमी नाहीत. हिशेब चोख मागितलाच पाहिजे.

माझी हरकत आहे ती पंचांगाला. सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. शेतीचे तसे नाही. एकदा आमच्या प्रस्तावाला पावसाळ्याआधी तोंडी होकार मिळाला आणि पैसे आले ते मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, महिनाअखेर खर्च करा या सूचनेसह. पंधरा दिवसांत गांडूळखताचे वाफे बांधता येतात, पुस्तिका छापता येतात, मेळावा भरवता येतो. भात लावता येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय!

दुसरा प्रश्न मुदतीचा. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाची जमीन ‘सेंद्रिय’ ठरायलाच साधारण तीन वर्षे लागतात. म्हणजे जमीन अभ्यासायला तयार होते तेव्हा अभ्यासाचे पैसे संपलेले असतात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला शेणखत, शेजारच्या पट्ट्यांना रासायनिक खते. तो सुरू करणारे जॉन लॉज स्वतः रासायनिक खताचे कारखानदार होते, आणि प्रयोग पुढे चालावा म्हणून १८८९ मध्ये त्यांनी एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी ठेवला. मातीला विचारलेला प्रश्न पिढ्यांच्या हिशेबाने विचारावा लागतो, हे त्या कारखानदाराला उमगले होते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. तुलना करायची तर अर्धा एकर जुन्या पद्धतीने आणि अर्धा नव्या पद्धतीने करायला हवा. नव्यात उतारा घटला तर? प्रवास, मानधन, छपाई यांना रकाने असतात. प्रयोगासाठी जमीन देणाऱ्याच्या घरी चार पोती भात कमी आले, त्याला रकाना नसतो.

यावर काही जण श्री. अ. दाभोळकरांचे उदाहरण देतात. गणिताच्या या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवारा’तून साध्या शेतकऱ्यांना मोजायला, नोंदी ठेवायला आणि त्या एकमेकांना कळवायला शिकवले. अनुदान कशाला हवे, असा त्यांचा सवाल असतो. दाभोळकरांचे काम वंदनीयच आहे. पण दीड एकरावर वर्षाचे धान्य पिकवणाऱ्या घराने सगळ्या समाजासाठी जोखीम एकट्याने का घ्यावी?

मागण्या अवाजवी नाहीत. मंजुरी माघात व्हावी आणि पहिला हप्ता अक्षय तृतीयेपर्यंत हाती यावा. मुदत निदान पाच-सहा वर्षांची असावी, मधे कडक तपासणी हवी तर व्हावी. हे अशक्य नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली ती पाच वर्षांसाठी, १७२ कोटी ३९ लाखांची. प्रयोगातल्या शेतकऱ्याच्या घटीची भरपाई अंदाजपत्रकातच धरावी. आणि अहवालात ‘जमले नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी. आज उत्पन्न वाढल्याचे लिहिले नाही तर पुढच्या हप्त्याची धास्ती वाटते. अपयशाला जागा नसलेला अहवाल ही जाहिरात असते, संशोधन नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सेंद्रिय’ लिहिलेली पिशवी हाती घ्याल तेव्हा भाव जरूर विचारा, आणि हे कोणत्या गावचे, कोणी तपासले, किती वर्षे, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार विचारील, आणि कधीतरी तो प्रश्न कचेरीतल्या टेबलापर्यंतही पोहोचेल. मृगाच्या आधी पोहोचला तर बरे!