हवा खोलीतलीच

साप्ताहिक स्तंभ : उशापाशी
पिपरी (मेघे), वर्धा

मार्च संपत आला की आमच्या पिपरीत गच्च्यांवरून आणि माळ्यांवरून कूलर खाली उतरतात. आर्वी रोडच्या कडेला ताट्यांचे भारे दिसू लागतात, खिडक्यांना स्टँड ठोकले जातात, आणि पहिल्या संध्याकाळी पाणी सोडून पंखा लावला की घरभर ओला, मातकट वास पसरतो. लहानपणापासून मला त्या वासाची ओढ आहे. मागच्या वर्षी त्याच वासाने माझा दमा उठवला. रात्री अडीचला मी झोपेत लावायचा श्वासाचा मास्क ओढून काढला आणि पलंगाच्या कडेला बसून होते. छातीत शिट्टी वाजत होती, नाक गच्च होतं, आणि उशापाशी ते यंत्र रिकाम्या मास्कमध्ये हवा फुंकत होतं.

मला दमा नवव्या वर्षापासून आहे. झोपेत श्वास अडतो हे मात्र छपन्नाव्या वर्षी कळलं, तेही मुलगी सुट्टीला आली आणि माझ्या खोलीत झोपली म्हणून. सकाळी ती म्हणाली, "आई, तू घोरता घोरता एकदम थांबतेस. मी मोजत बसते, मग तू दचकून श्वास घेतेस." घोरणं हे पुरुषांचं लक्षण अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि बाई घोरते हे घरातही कोणी बोलून दाखवत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो. त्या डॉक्टरांना सांगतात ते थकवा, सकाळची डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं. त्यावर लोहाच्या गोळ्या मिळतात आणि विषय संपतो. माझाही पाच वर्षं असाच संपत होता. रात्रीचा खोकला दम्याच्या खात्यात, दिवसाची झोप वयाच्या खात्यात.

झोपेची तपासणी झाली तेव्हा तासाला ३१ वेळा श्वास अडतो असा आकडा आला. ५ च्या आत असेल तर चिंता नसते, ३० च्या वर गेला की आजार तीव्र समजतात. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं, स्लीप ॲप्नियाचं, नाव घेतलं होतं, आणि अनेक घरांत ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं गेलं. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला की देशात कामाच्या वयाच्या सुमारे १०.४ कोटी लोकांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असावा. दम्याचं चित्र याहून काळजीचं आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भारतात होतात. दोन्ही आजार एकाच देहात असणारी माणसं आपल्या गल्लीत नसतील असं मानायला काही आधार नाही.

हे दोन आजार एकमेकांना धरून असतात. ॲलर्जीने नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, वाट अरुंद होते, हवा ओढायला जोर लागतो आणि त्या ओढीने सैल पडलेला घसा मिटतो. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर वजन वाढतं, मानेभोवती चरबी साठते, घसा आणखी मिटतो. उलट झोपेत श्वास अडला की पोटातलं आम्ल वर चढतं, ते घशाला लागतं आणि दमा चाळवतो. खेड्यापाड्यांत अजूनही दम लागला की "एक इंजेक्शन मारून द्या" म्हणतात. इन्हेलरची सवय लागते या भीतीपोटी लोक गोळी-इंजेक्शनांवर वर्षं काढतात. या एका गैरसमजाने आमच्या भागात किती देह बिघडले, ते मी नात्यागोत्यातच पाहिलं आहे.

आता यंत्राकडे येते. सीपॅप म्हणजे मुळात एक छोटा पंखा. तो खोलीतली हवा ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि नळीतून, मास्कमधून ठरलेल्या दाबाने नाकात सोडतो. त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, साधारण ४ ते २०. माझा ९ च्या आसपास असतो. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. सुरुवातीच्या काळात व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी चालवून हवा दिली जायची आणि मास्क नाकाला सिलिकॉनने अक्षरशः चिकटवला जायचा. पुढे १९८८ मध्ये त्यांनी दम्याच्या संशोधक ॲन वूलकॉक यांच्याबरोबर, रात्री दमा उठणाऱ्या आणि घोरणाऱ्या मोजक्या रुग्णांना हे यंत्र देऊन पाहिलं, तर जोरात फुंकून मोजलेले त्यांच्या श्वासाचे आकडे सुधारले. अभ्यास लहान होता. पण दमा आहे म्हणून सीपॅप नको, असं सांगणाऱ्या माणसाला मी तो सांगते.

पण या यंत्रात वेगळा प्राणवायू नसतो. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काऊन वं, ऑक्सिजनवर गेली का तू? येवढं झालं अन् सांगतलं नाही?" त्यांना समजावताना माझ्याच लक्षात आलं की यंत्राकडे स्वतःची अशी हवा नाही. मास्कवरच्या बारीक छिद्रांतूनच मिनिटाला तीसेक लिटर हवा बाहेर जाते. सात तासांच्या झोपेचा हिशेब बारा हजार लिटरच्या पुढे जातो. ही सगळी हवा माझ्या खोलीतली. त्या खोलीत बुरशी असेल तर बुरशी, मच्छर अगरबत्तीचा धूर असेल तर धूर. फिल्टर धूळ आणि परागकण बऱ्यापैकी अडवतो. वास आणि धुराचा वायू अडवणं त्याचं काम नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यंत्र आणून देणाऱ्या माणसाने अर्ध्या तासात बटणं दाखवली, बिलावर सही घेतली आणि तो गेला. चिठ्ठीवर दाबाचा आकडा होता, बाकी कोरं. नाक कसं आहे, खोलीत काय आहे, कूलर कुठे आहे, कोणी विचारलं नाही. तीन आठवड्यांत यंत्र कपाटात गेलं. माझ्या यंत्रासारखी किती यंत्रं वर्ध्यातल्या कपाटांत असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू असते ती, आणि आरोग्य विम्याच्या न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत सीपॅपचं नाव वर्षानुवर्षं आहे. घरातल्या माणसाने पीएफ मोडून घेतलेलं यंत्र कपाटात ठेवताना रुग्ण स्वतःलाच दोष देतो. दोष त्याचा नसतो. त्याचं नाक बंद असतं.

बंद नाकावर दाबाची हवा आली की तोंड उघडतं. हवा नाकातून शिरते आणि तोंडातून निसटते. ती एकाच दिशेने सतत वाहत राहिली की नाक कोरडं पडतं आणि कोरडं नाक आणखी सुजतं. यंत्र गळती भरून काढायला जास्त हवा फेकतं. पहाटे जीभ टाळूला चिकटलेली, मास्क गालावरून सरकलेला, डोळ्यांत वारा. माणूस म्हणतो, मला हे सोसत नाही.

म्हणून पहिलं औषध नाकाचं. माझ्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे रोज दिला. तो लगेच मोकळं करत नाही, आठ-पंधरा दिवस धीर धरावा लागतो. डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, उजव्या हाताने डाव्या, आणि टोक मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या दिशेने. मेडिकलमध्ये मिळणारे नाक झटकन उघडणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नकोत; ते सोडले की नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद होतं आणि माणूस त्या बाटलीचा गुलाम होतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून थंड केलेलं, नळाचं थेट नाही. रात्रीचा दम्याचा इन्हेलर मास्कच्या आधी, स्पेसरच्या नळकांड्यातून, आणि मग चूळ. दमा उठलाच तर मास्क काढायचा, बसायचं, तातडीचा इन्हेलर घ्यायचा, आराम पडला नाही तर दवाखाना गाठायचा. सीपॅप दम्याच्या झटक्यावरचा उपाय नाही. उशापाशी यंत्र आहे या भरवशावर कोणी थांबू नये.

खोलीचं काम मात्र औषधाहून अवघड. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे "कूलर लावू नका" हा सल्ला देणाऱ्याने एक रात्र आमच्या स्लॅबखाली काढावी. कूलर लागणारच. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा. कूलरशिवाय आमची वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकराला त्याहून तापलेली असते. तेव्हा मी वेगळं करते. जुन्या ताट्या परत माळ्यावर जात नाहीत, दरवर्षी नव्या. वर्षभर धूळ आणि ओल खाल्लेली ताटी म्हणजे बुरशीचं घर. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, कोरडी होऊ द्यायची. डेंग्यूच्या डासासाठीही ते हवंच. नवीन ताट्या लावल्या की पहिला अर्धा दिवस खिडक्या उघड्या टाकून कूलर चालवायचा आणि त्या वेळात मी खोलीत जात नाही. यंत्र कूलरच्या झोताखालून उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, जमिनीवर नाही, स्टुलावर ठेवलं. फिल्टर पंधरा दिवसांनी पाहते. पऱ्हाट्या जाळायच्या दिवसांत तो आठवड्यातच काळवंडतो.

कापसाची गादी आणि रजई हा आणखी एक नाजूक विषय. माझ्या सासूबाईंनी भरून घेतलेली रजई मी टाकलेली नाही. पण ती आता माझ्या अंगावर नसते. धुळीतल्या किड्यांना असली उबदार, जुनी रुई फार मानवते. उशीला घट्ट विणीची खोळ, चादरी आठवड्याला कढत पाण्यात, गादीला वैशाखातलं ऊन. देवघरातली उदबत्ती अंगणात तुळशीपाशी गेली, त्यावर घरात दोन दिवस अबोला होता.

यंत्राची हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचं पाणी हाही प्रश्नच. पुस्तिका म्हणते डिस्टिल्ड वॉटर. इथे ते मागायला गेलं की लोक इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी पुढे करतात. ते श्वासात घ्यायला बनवलेलं नसतं, घेऊ नका. मिळालंच नाही त्या दिवशी मी उकळून गार केलेलं वापरते. त्याने क्षार जात नाहीत, टाकीला पांढरा थर धरतो, पण जंतूंची भीती कमी होते. पाणी रोज ओतून टाकायचं, टाकी वाळवायची. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाण्याचे थेंब साठतात आणि गुडगुड आवाज येतो. नळीला जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवली आणि ते थांबलं. त्याच लुगड्याची एक पट्टी मास्कच्या कडेखाली ठेवते. मे महिन्यात घाम आणि सिलिकॉन यांनी गालावर पुरळ आलं होतं. अर्धं कारण सुगंधी साबण निघाला. मास्क आता बिनवासाच्या साध्या साबणाने धुते.

आणि घराबाहेरचं? आमच्या ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटांवर पाऊस पडला की गाजर गवत कमरेएवढं होतं. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परकं झाड आज देशभर आहे. त्याच्या परागांनी शिंका, दमा, त्वचेवर चट्टे, सगळं होतं. फुलं येण्याआधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, ओल्या मातीतून ते मुळासकट उपटलं तर उपयोग. सप्टेंबरात पांढरं झाल्यावर कापणं म्हणजे पराग उडवणं. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये, आणि करणाऱ्याने हातमोजे घालावेत. ग्रामपंचायतीला मी यंदा मे महिन्यातच अर्ज देणार आहे, कारण मजूर ठरवायला वेळ लागतो.

माझी खरी मागणी दवाखान्यांकडे आहे. पिपरीच्या एका अंगाला सावंगी आणि दुसऱ्या अंगाला सेवाग्राम, दोन वैद्यकीय महाविद्यालयं इतकी जवळ असण्याचं भाग्य विदर्भातल्या फार थोड्या गावांना आहे. आठवड्यातला एक वार मास्कचा असावा. छातीचे डॉक्टर आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर एकाच खोलीत बसावेत. यंत्र घेऊन महिना झालेला प्रत्येक रुग्ण आपला मास्क, इन्हेलर आणि स्प्रे पिशवीत घालून तिथे यावा, आणि तो हे सगळं कसं वापरतो ते कोणीतरी डोळ्यांनी पाहावं. त्याला महागडं काही लागत नाही. दोन खुर्च्या, एक परिचारिका आणि वेळ. शिवाय कूलर कुठे आहे, हे विचारणारा एक माणूस.

माझं यंत्र आता रोज चालतं. नाक बसलेलं असतं त्या रात्री मी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावते, एरवी फक्त नाकाचा. काही रात्री अजूनही पहाटे चारला तो निघतो. मग उरलेली झोप तशीच.

मागच्या महिन्यात आमच्या मेडिकलवाल्या दादांनी डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन स्वतःहून ठेवायला सुरुवात केली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्ही धरून चौघं जण मागून राहिले ना आता." चौघं! म्हणजे या भागात रात्री मास्क लावून झोपणारे आणखी तिघे आहेत आणि आम्ही एकमेकांना ओळखत नाही. त्या तिघांपैकी कोणी हे वाचत असेल तर वर्तमानपत्राच्या पत्त्यावर मला चिठ्ठी पाठवावी. फिल्टर नागपूरहून एकेक मागवण्यापेक्षा चौघांचे एकत्र मागवू, आणि कोणता मास्क कोणाला बसतो ते माझ्या घरी बसून पाहू. दुपारी तीननंतर मी घरीच असते.