आराखडा चुकतो तो ‘आज’च्या नकाशात

विशेष प्रतिनिधी, मुंबई

मुंबईच्या विकास आराखड्यावरून वादंग उठले की चर्चा रंगते ती चटईक्षेत्र निर्देशांकाची, आरक्षणांची आणि बिल्डरांच्या लाभाची. म्हणजेच उद्याच्या नकाशाची. आज जमिनीवर नेमके काय आहे, हे सांगणाऱ्या पहिल्या नकाशाकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही. वास्तविक उपनगरांतील रहिवाशांचे पुढील वीस वर्षांचे पाणी, शाळा आणि मैदान यांचा निम्मा निकाल तेथेच लागलेला असतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ नुसार आराखडा तयार करण्यापूर्वी जमिनींचे सर्वेक्षण करून विद्यमान भूवापर नकाशा तयार करणे बंधनकारक आहे. कलम २६ अन्वये नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात, त्या मात्र प्रारूप आराखड्यावर. तोपर्यंत पायाभूत नकाशा पक्का झालेला असतो आणि त्यावर आरक्षणांची इमारतही उभी राहिलेली असते. पाया तिरका आहे हे भिंती उभ्या राहिल्यावर सांगण्यासारखाच हा प्रकार होय.

२०१४ ते २०३४ या कालावधीच्या आराखड्यासाठी मुंबई महापालिकेने विद्यमान भूवापर नकाशा २०१२ च्या सुमारास लोकांसमोर ठेवला, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह होती. नकाशा खुला होताच स्वयंसेवी संस्था आणि स्थानिक रहिवासी संघांनी चुकांच्या याद्या पालिकेकडे पाठविल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, प्रार्थनास्थळे गायब, जुन्या वस्त्यांचा पत्ता नाही, अशा तक्रारी विभागवार येत राहिल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा आराखडा मागे घेऊन त्यातील त्रुटी दूर करण्याचे आदेश दिले. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे दुरुस्तीचे काम सोपविण्यात आले. मे २०१६ मध्ये सुधारित मसुदा प्रसिद्ध झाला, २०१७ मध्ये पालिका सभागृहाने त्याला मंजुरी दिली, मे २०१८ मध्ये राज्य सरकारची मान्यता मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. २०१४ पासून लागू व्हावयाच्या आराखड्याची चार वर्षे अशा रीतीने खर्ची पडली.

या चुकांपैकी ठळक चुका दुरुस्त होऊ शकल्या, कारण त्या डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. मंदिरावरून रस्ता गेला तर भाविक रस्त्यावर येतात. जे नकाशात उमटतच नाही, त्याच्या बाजूने बोलणारा मिळणे कठीण असते. झोपडपट्टीचा एकच सलग ठिपका दाखवून तिच्या आतील शाळा, दवाखाने, बालवाड्या आणि लघुउद्योग वगळले गेले, हा ‘हमारा शहर मुंबई अभियाना’चा आक्षेप याच स्वरूपाचा होता. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार. पैकी सुमारे ४१ टक्के झोपडपट्ट्यांत राहणारे. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील एखाद्या चाळवजा घरात तळमजल्यावर शिवणकाम, वर कुटुंब आणि ओट्यावर शिकवणी चालते. नकाशाला रंग एकच ठाऊक. वेसाव्याचा कोळीवाडा, मरोळचे गावठाण आणि बोरिवलीतील एक्सर यांची अडचण थोडी निराळी आहे. एक्सरचे शिलाहारकालीन वीरगळ अभ्यासकांना परिचित आहेत; परंतु गावठाणाची हद्द नेमकी कोठे संपते आणि जाळी सुकविण्याची जागा ‘मोकळी’ समजायची की ‘वापरातील’, याविषयी सरकारी कागदपत्रांत वर्षानुवर्षे मतभेद राहिले.

अलीकडे नियोजनाचे काम जीआयएस आणि त्यावर आधारित संगणकप्रणालींवर होते. या प्रणालीत आधी विद्यमान स्थितीची माहिती भरतात: भूखंड, इमारती, मजले, वापर. नंतर निर्देशक ठरवितात: दरडोई मोकळी जागा, लोकसंख्या, पाण्याची मागणी, वाहनतळ. त्यापुढे एखाद्या भूखंडावर चार मजले चढविले की पडद्यावरील आकडे आपोआप बदलतात. आकडे दशांशापर्यंत येत असल्याने ते अचूक भासतात. पण निर्देशक कोणी आणि कोणत्या गृहीतावर बसविला, हा प्रश्न पडद्यावर कोठेच दिसत नाही.

मुंबईतील दरडोई मोकळ्या जागेचे उदाहरण घ्यावे. विकास आराखड्याच्या चर्चेत १.२४ चौरस मीटर हा आकडा वारंवार उद्धृत होतो. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दरडोई १० ते १२ चौरस मीटरची अपेक्षा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ४४ चौरस किलोमीटर भाग मुंबई उपनगरात येतो. तो भाग ‘मोकळी जागा’ या रकान्यात टाकला, तर २०११ च्या लोकसंख्येने भागून दरडोई साडेतीन चौरस मीटरची भर पडते आणि एकही नवे झाड न लावता आकडा पावणेपाचच्या आसपास पोहोचतो! बोरिवलीचा आर-मध्य विभाग तर हिरवाईने नटलेला दिसू लागेल. वस्तुत: तिकीट काढून जाण्याच्या संरक्षित जंगलात संध्याकाळी मुलांना क्रिकेट खेळता येत नाही. त्यामुळे रकाना एकच ठेवायचा की ‘जंगल’, ‘क्लबची मैदाने’ आणि ‘सर्वांना खुली उद्याने’ असे तीन करायचे, हा केवळ तांत्रिक निर्णय उरत नाही.

लोकसंख्येच्या गृहीताने होणारा घोटाळा याहून गंभीर ठरतो. बहुतेक प्रणाली इमारतीच्या क्षेत्रफळाला दरडोई क्षेत्रफळाने भागून रहिवाशांची संख्या काढतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत शंभर सदनिका आहेत असे समजू. प्रत्येकी ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर, या हिशेबाने एकूण २,७८८ चौरस मीटर होतात. दरडोई २० चौरस मीटर धरले तर प्रणाली १३९ माणसे मोजेल. एका घरात सरासरी साडेचार जण धरल्यास प्रत्यक्षात तेथे ४५० माणसे असतील. दरडोई १३५ लिटर या मानकाने त्यांना रोज सुमारे ६० हजार ७५० लिटर पाणी लागेल. पडद्यावर मागणी दिसेल १८ हजार ७६५ लिटरची. अंधेरी पूर्वेतील मरोळ-साकीनाका किंवा घाटकोपरच्या टेकड्यांसारख्या भागांत पुनर्वसन आणि विक्रीच्या इमारती शेजारी-शेजारी उभ्या राहतात. दोन्हींना एकच गृहीत लावले, तर जलवाहिनीचा व्यास ठरवितानाच अन्याय होऊन बसतो. वापरानुसार वेगळे गृहीत धरण्याची सोय या प्रणालींमध्ये असते. ती वापरण्यासाठी लागणारी घरनिहाय माहिती गोळा करण्याचे कष्ट कोणी घ्यायचे, हा खरा प्रश्न आहे.

भाजक म्हणून वापरावयाची लोकसंख्याही आता जुनी झाली आहे. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. विद्यमान भूवापराची नोंद झाली तेव्हा वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झालेली नव्हती, ती ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. अंधेरी ते दहिसर पट्ट्यातील ‘२ अ’ आणि ‘७’ या मार्गिका २०२३ मध्ये पूर्ण क्षमतेने धावू लागल्या. मधल्या काळात स्थानकांभोवतीच्या जुन्या गृहनिर्माण सोसायट्या पुनर्विकासासाठी पाडल्या गेल्या आणि चार मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले उभे राहिले. तरीही २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पाया त्याच सुमारे २०१२ च्या नोंदींवर आहे. नंतर दुरुस्त्या झाल्या, त्या मुख्यत: हरकती आल्या तेथे. ज्यांनी हरकत घेतली नाही, त्यांच्या बाबतीत ‘आज’ तोच राहिला.

मुलुंडमध्ये याचे परिणाम सध्या स्पष्ट जाणवतात. धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. त्यास मुलुंडमधून तीव्र विरोध झाला. यातील काही विरोध ‘आमच्याकडे ते लोक नकोत’ या भावनेतून आला असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यातील एका प्रश्नाला उत्तर मिळणे आवश्यक आहे: टी विभागातील रुग्णालयाच्या खाटा, शाळा, मलनि:सारण आणि पावसाळी पाण्याचा निचरा यांची आजची क्षमता किती, आणि नवे रहिवासी आल्यावर ती किती उरेल? मिठागर नकाशात रिकामे दिसते. भरतीच्या वेळी आणि मुसळधार पावसात पाणी सामावून घेण्याचे त्याचे काम भूवापराच्या कोणत्याही रंगात बसत नाही, म्हणून निर्देशकातही येत नाही.

विशेष म्हणजे ज्या धारावीसाठी ही जमीन हवी आहे, तेथे २०२४ पासून घराघरांत जाऊन ड्रोन आणि लेझर तंत्राच्या साहाय्याने सर्वेक्षण करण्यात आले. त्या सर्वेक्षणाच्या हेतूविषयी आणि पात्रतेच्या निकषांविषयी वाद आहेत. पण दाट वस्तीचे आतून मोजमाप करणे अशक्य असते, ही सबब आता पालिकेला पुढे करता येणार नाही. जमिनीचा भाव आला की मोजमाप होते; शाळा आणि पाणी द्यावयाचे असते तेव्हा वस्तीचा ठिपकाच पुरेसा ठरतो.

कायद्यानुसार विकास आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा करावी लागते. मागील अनुभव पाहता पुढील आराखड्याच्या सर्वेक्षणाची तयारी याच दशकात सुरू व्हावयास हवी. त्या वेळी विद्यमान भूवापराचा नकाशा विभाग कार्यालयांत मराठीतून आणि नगर भूमापन क्रमांकासह लावला जाणार का, त्यासोबत प्रत्येक निर्देशकामागचे गृहीतही छापले जाणार का, आणि प्रारूप आराखड्यापूर्वीच त्यावर हरकत घेण्याचा अधिकार कायद्यात येणार का, हे राज्याच्या नगरविकास विभागाने ठरवावयाचे आहे.